'बॅकवर्ड' : एका साध्या विशेषणाचा डहाणू-तलासरीपर्यंतचा प्रवास

१.
आजचा धागा एका अगदी साध्या इंग्रजी विशेषणाविषयी आहे. शब्द आहे 'बॅकवर्ड'. मराठीत आपण त्याला 'मागास' म्हणतो. प्रवेशअर्जावर, शिष्यवृत्तीच्या यादीत, निवडणुकीच्या भाषणात तो आपल्याला भेटतो; आणि पुष्कळदा निव्वळ अपमान म्हणूनही कानी पडतो. पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या तालुक्यांची ओळख करून देताना तर पहिले विशेषण बहुधा हेच असते. हा शब्द मुळात कशासाठी होता, तो माणसांना कसा लागला आणि या दोन तालुक्यांच्या इतिहासासमोर तो कितपत टिकतो, हे आज पाहू.

२.
शब्दाची घडण सरळ आहे. 'बॅक' म्हणजे पाठ, मागची बाजू. 'वर्ड' हा दिशा दाखवणारा प्रत्यय. 'फॉरवर्ड', 'होमवर्ड' या शब्दांतही तोच आहे. म्हणजे 'बॅकवर्ड' हा मुळात केवळ दिशेचा शब्द : पाठीकडे, मागच्या बाजूला. त्यात निंदा नव्हती आणि स्तुतीही नव्हती. पुढे त्याला विशेषण म्हणून इतर छटा आल्या. पुढे यायला संकोचणारा, बुजरा माणूस 'बॅकवर्ड'. उशिरा आलेला ऋतू आणि उशिरा तयार होणारे पीकही 'बॅकवर्ड'. येथे शब्दाने पहिले वळण घेतले. जागेचा शब्द काळाचा झाला.

३.
गंमत अशी की मराठी शेतकऱ्याकडे याच अर्थाची जोडी आधीपासून आहे : आगस आणि मागस. लवकरची पेरणी आगस, उशिराची मागस. डहाणूच्या पट्ट्यात भाताचेही असेच प्रकार आहेत : हळवे, निमगरवे आणि गरवे. हळवे लवकर कापणीला येते, गरवे उशिरा. परंतु गरवे भात उशिरा येते म्हणून त्याला कोणी हलके समजत नाही. उंच, उथळ जमिनीत हळवे लावावे आणि पाणी धरून ठेवणाऱ्या सखल खाचरात गरवे, हा जमिनीचा हिशोब आहे. शेतातील 'उशिरा' हा शब्द पिकाची वेळ सांगतो, त्याची लायकी सांगत नाही.

४.
माणसांच्या बाबतीत मात्र तसे राहिले नाही. अठराव्या शतकात युरोपात एक विचार बळावला : सर्व मानवसमाज एकाच वाटेने चालतात. शिकार, मग पशुपालन, मग शेती, मग व्यापार. ॲडम स्मिथच्या व्याख्यानांत हे चार टप्पे स्पष्ट मांडलेले आहेत. एकदा वाट एकच मानली की जो समाज आपल्यासारखा नाही तो 'वेगळा' उरत नाही. तो त्याच वाटेवर मागे पडलेला ठरतो. शब्दाचे दुसरे वळण हे. पिकाचा उशीर समाजांना लागू झाला, आणि उशीर हा त्यांचा स्वभाव मानला जाऊ लागला.

५.
याच ओघात हा शब्द मुलांनाही लागला. अभ्यासात मंद असलेल्या मुलाला 'बॅकवर्ड' म्हणण्याची रीत इंग्रजीत इतकी रुळली, की मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांच्या १९३७च्या ग्रंथाचे नावच 'द बॅकवर्ड चाइल्ड' असे आहे. मंद मूल आणि मागे पडलेला समाज यांना एकच विशेषण मिळाले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारण मुलाला पालक लागतो. ब्रिटिश सरकार भारताविषयी जो वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवत असे, त्याच्या शीर्षकातच 'नैतिक आणि भौतिक प्रगती' हे शब्द होते. प्रगतीचा हिशोब ठेवणारा पालक आणि मागे राहिलेले पाल्य, ही मांडणी राज्य करण्यास फार सोयीची होती.

६.
आता कायद्याकडे येऊ. १८७४च्या कायद्याने काही जिल्हे सर्वसाधारण कायद्यांपासून वेगळे काढले आणि त्यांची यादी, म्हणजे 'शेड्यूल', केली. १९१९च्या भारत सरकार कायद्यात अशा प्रदेशांसाठी 'बॅकवर्ड ट्रॅक्ट' ही संज्ञा आली. १९३०मध्ये सायमन आयोगाने ती बदलून 'एक्सक्लूडेड एरिया', म्हणजे वगळलेले क्षेत्र, असे म्हणावे असे सुचवले. १९३५च्या कायद्यात हे नाव स्थिरावले, आणि त्याच्या जोडीला 'अंशतः वगळलेली क्षेत्रे' असा दुसरा वर्गही झाला.

७.
१९३६च्या आदेशात मुंबई प्रांतातील अंशतः वगळलेल्या क्षेत्रांची नावे आहेत. ठाणे जिल्ह्यातून त्यात डहाणू व शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे आहेत. आजचा तलासरी तालुका तेव्हा उंबरगावात मोडत होता. १९६०मध्ये राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरीचा भाग महाराष्ट्रात राहिला. म्हणजे आपले दोन्ही तालुके या यादीत होते. प्रांताच्या विधिमंडळाने केलेला कायदा तेथे आपोआप लागू होत नसे. त्यासाठी गव्हर्नरची अनुज्ञा लागत असे. कारण एकच सांगितले जाई : हे लोक अद्याप तयार नाहीत.

८.
'मागास' म्हटले की डोळ्यांपुढे जगापासून तुटलेला डोंगराळ मुलूख येतो. डहाणू तसे होते काय? मुंबईला गुजरातशी जोडणारी बॉम्बे-बडोदा लोहमार्गाची गाडी १८६०च्या दशकातच येथून धावू लागली. ठाणे जिल्ह्याच्या जंगलातील लाकूड आणि माळावरील गवत मुंबईच्या बाजारात जात होते. ते तोडणारे आणि कापणारे हात वारल्यांचे व इतर आदिवासींचे होते. म्हणजे हा मुलूख बाजाराच्या बाहेर राहिलेला नव्हता. तो बाजाराशी घट्ट बांधला गेला होता. बांधणीच्या अटी मात्र त्याच्या हातात नव्हत्या.

९.
दुसरी बाजू जंगलाची. १८७८च्या वनकायद्याने राखीव जंगले आखली गेली आणि त्याच वर्षीच्या अबकारी कायद्याने ताडी-माडी व मोहाच्या दारूवर सरकारी पकड आवळली. ठाणे जिल्ह्यात सर्वांत मोठा वाद झाला तो 'राबा'वरून. भाताचे रोप टाकण्याआधी त्या जागेवर शेण, पालापाचोळा, झाडाच्या डहाळ्या आणि गवत पसरून, वर मातीचा थर देऊन ते जाळायचे, ही कोकणातील जुनी रीत. वनखात्याच्या दृष्टीने ही झाडांची नासाडी होती. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील अशा तक्रारींसाठी १८८०च्या दशकात सरकारला वन आयोग नेमावा लागला.

१०.
येथे एक नाव आवर्जून सांगायला हवे. जॉन ऑगस्टस व्होलकर हे कृषिरसायनशास्त्रज्ञ भारतीय शेती पाहण्यासाठी सरकारने पाठवले होते. त्यांचा अहवाल १८९३मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय शेती एकंदरीत 'प्रिमिटिव्ह' आणि 'बॅकवर्ड' आहे ही इंग्लंडमधील रूढ समजूत चुकीची आहे, असे त्यांनी त्यात नि:संदिग्धपणे लिहिले. राबाचीही त्यांनी सविस्तर चर्चा केली आणि ती अडाणीपणाची रीत म्हणून झटकून टाकली नाही. म्हणजे 'बॅकवर्ड' या शब्दावरचा आक्षेप नंतरच्या काळाने मागे वळून घेतलेला नाही. सरकारी अहवालातच तो नोंदलेला होता. शब्द तरीही टिकला.

११.
आता घरातील हिशोब पाहू. पावसाळ्यात कोठीतले धान्य संपले की वारली कुटुंब सावकाराकडून 'खावटी' उचलत असे. खावटी म्हणजे खाण्यापुरते धान्य. सुगीला ते दीडपट, कधी दुप्पट करून परत द्यायचे. ते फिटले की पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. सारा रोखीत, जंगल बंद, धान्य उसने. या तिढ्यात जमिनी हळूहळू सावकार-जमीनदारांच्या नावावर गेल्या आणि कालचा जमीनधारक आज स्वतःच्याच शेतावर कूळ झाला. कूळ झाला की खंडाबरोबर वेठही आली. मालकाने बोलावले की आपले काम टाकून त्याच्या शेतावर, त्याच्या घरी, बिनमोबदला राबायचे.

१२.
सर्वांत खाली 'लग्नगडी' होता. लग्नासाठी काही रुपये कर्जाऊ घ्यायचे आणि त्याच्या फेडीसाठी सावकाराकडे गडी म्हणून राहायचे. अनेकदा नवराबायको दोघेही राबत. फेड किती झाली हे सावकाराची वही सांगणार, आणि वही वाचता येणारा सावकारच. अशी वर्षामागून वर्षे जात. शब्द किती घरगुती आहे पाहा : लग्न आणि गडी. त्यामागे जे होते त्याला मात्र गुलामगिरीखेरीज दुसरे नाव शोभत नाही.

१३.
हे कोणी आंदोलकच सांगत होते असे नाही. मुंबई सरकारने या अंशतः वगळलेल्या क्षेत्रांतील आदिवासींची स्थिती पाहण्यासाठी डी. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याची नेमणूक केली. १९३०च्या दशकाअखेरच्या त्यांच्या अहवालात वेठ, लग्नगडी, सावकारी आणि नकार देणाऱ्याला होणारी मारहाण हे सारे आले आहे. सरकारच्या दप्तरी आता एकाच मुलुखाविषयी दोन प्रकारची वाक्ये होती. एक : 'हे लोक मागास आहेत.' दुसरे : 'या लोकांची जमीन गेली, त्यांना फुकट राबवले जाते, नाही म्हटले तर मारले जाते.' पहिल्या वाक्यात कर्ता नाही. दुसऱ्यात तो विचारता येतो.

१४.
माझ्या मते या शब्दाची खरी अडचण येथे आहे. 'बॅकवर्ड' खोटे सांगतो असे नाही. शाळा नव्हती, अन्न अपुरे होते, कर्ज होते, हे खरेच. परंतु विशेषण स्थिती सांगते आणि ती कशी आली हे सांगण्याची जबाबदारी टाळते. मराठीचे व्याकरण येथे थोडे अधिक प्रामाणिक आहे. 'मागासलेला' हे 'मागासणे' या क्रियापदाचे रूप आहे. त्यात काहीतरी घडून गेल्याची खूण उरते. त्याचा 'मागास' झाला की ती खूणही पुसली जाते. आणि 'मागे ठेवलेला' असे तर आपण क्वचितच म्हणतो.

१५.
मग हा शब्द टाकूनच द्यावा काय? इतके सोपे नाही, कारण महाराष्ट्रातच त्याला एक वेगळा अर्थ मिळाला. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सर्व मागासलेले, अशी त्यातील व्याख्या होती. शब्द तोच, उपयोग उलटा. वसाहती कायद्यात 'मागास' म्हणजे ज्याला हक्क देण्याची अजून वेळ आली नाही तो. शाहूंच्या हुकमात 'मागास' म्हणजे ज्याला वाटा देणे बाकी आहे तो. पहिला अर्थ दार लावतो, दुसरा देणे कबूल करतो.

१६.
मुंबई प्रांतात हा दुसरा अर्थ हळूहळू कागदावर आला. १९२८मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३०मध्ये अहवाल दिला. डॉ. आंबेडकर या समितीचे सदस्य होते. समितीने मागासवर्गांचे तीन भाग केले : अस्पृश्य, आदिम व डोंगरी जमाती, आणि इतर मागास. आज आपण सहज वापरतो त्या वर्गीकरणाचा आराखडा येथे दिसतो. पुढे १९४३मध्ये मुंबई विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी, आदिवासींना मूळनिवासी म्हणणे चुकीचे असून ते 'मागासलेले हिंदू' आहेत, असे मांडले. त्यावर मोठा वाद झाला. परंतु वाद नामावर होता. विशेषण फारसे कोणी हलवले नाही.

१७.
ते हलवले डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी. जानेवारी १९४५मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची परिषद झाली; तेथे काही वारली आले होते. त्यानंतर गोदावरी आणि शामराव परुळेकर या भागात आले. २३ मे १९४५ रोजी झरी या गावी हजारो वारली जमले. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. ठरले ते असे : वेठ करायची नाही, रोख बारा आणे मजुरी मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतावर काम करायचे नाही, मारायला आले तर सर्वांनी मिळून तोंड द्यायचे. त्याच वर्षी गवतकापणीचा दरही मागण्यात आला : ५०० पौंडांना अडीच रुपये.

१८.
या मागण्या नीट वाचा. तेथे कोणी 'आम्हाला सुधारा' असे म्हटलेले नाही. वजन आहे, दर आहे, रोखीची अट आहे. ज्यांना बाजार समजण्याइतके पुढे आलेले नाहीत असे मानले जात होते, ते बाजारातील आपल्या श्रमाचा भाव सांगत होते. उत्तर म्हणून १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी ठार झाले. परंतु वेठ आणि लग्नगडीची पद्धत या लढ्याने मोडून काढली. गोदावरी परुळेकरांनी हा इतिहास लिहिला. त्याला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकाचे नाव : 'जेव्हा माणूस जागा होतो'. नावात 'माणूस' आहे, आणि त्यामागे कोणतेही विशेषण नाही.

१९.
तीन वर्षांनी हाच शब्द संविधान सभेपुढे आला. ३० नोव्हेंबर १९४८च्या चर्चेत सरकारी नोकऱ्यांविषयीच्या कलमातील 'बॅकवर्ड' या शब्दाची व्याख्या काय, असे अनेक सदस्यांनी विचारले. कन्हैयालाल मुनशी यांनी मुंबई प्रांताचा दाखला दिला : तेथे हा शब्द वर्षानुवर्षे वापरात आहे आणि त्यात आर्थिक, शैक्षणिक व सामाजिक दृष्ट्या मागे असलेले सर्व येतात. डॉ. आंबेडकरांचे म्हणणे असे की कोणता समाज मागास हे त्या त्या सरकारने ठरवावे. म्हणजे मागासपण हा रक्ताचा गुण नाही. तो तपासून ठरवायचा आणि म्हणून बदलू शकणारा निष्कर्ष आहे. शाहूंच्या हुकमातील अर्थ संविधानात असा पोहोचला.

२०.
त्याच सभेत जयपालसिंह मुंडा यांनी 'आदिवासी' हा शब्द हवा असा आग्रह धरला होता. आंबेडकरांनी उत्तर दिले की तो सर्वसाधारण शब्द आहे, तर 'अनुसूचित जमाती' याला निश्चित कायदेशीर अर्थ आहे, कारण त्या जमातींची यादी करता येते. दोघांचेही म्हणणे समजण्यासारखे आहे. एकाला सन्मानाचे नाव हवे होते, दुसऱ्याला न्यायालयात टिकणारे. डहाणू आणि तलासरी आज पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात आहेत. तलासरीत दर दहा माणसांमागे सुमारे नऊ माणसे अनुसूचित जमातींची आहेत.

२१.
आता 'मागास मूल' या अर्थाकडे परत येऊ, कारण त्याचे उत्तरही डहाणू तालुक्यातच मिळाले. १९४५मध्ये, म्हणजे झरीच्या सभेच्याच वर्षी, ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत याचा अर्थ ती शिकण्यात मंद आहेत असा त्यांनी घेतला नाही. मूल दिवसभर कुठे असते, हे त्यांनी पाहिले. गुरे राखणारी मुले कुरणात असतात, म्हणून शाळाच कुरणात गेली. ती 'कुरणशाळा'. धाकट्या भावंडाला सांभाळण्यात मोठ्या मुलीची शाळा बुडते, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या. ती 'विकासवाडी'. मागे कोण होते, मूल की शाळा, याचे उत्तर या दोन नावांतच आहे.

२२.
शेवटी २००६ हे वर्ष. 'प्रिमिटिव्ह ट्रायबल ग्रुप', म्हणजे आदिम जमाती, हे सरकारी नाव त्या वर्षी बदलले आणि 'विशेषत्वाने असुरक्षित आदिवासी गट' असे झाले. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड त्यात येतात. कातकरी आपल्याला पालघर जिल्ह्यातही भेटतात. त्याच वर्षी वनहक्क कायदा संमत झाला. त्याच्या प्रास्ताविकात जंगलनिवासी जमातींवर 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याचे कबूल केले आहे. १९१९चा कायदा मुलुखाला मागास म्हणत होता. २००६चा कायदा अन्याय झाला असे म्हणतो. 'अन्याय' या शब्दाला कर्ता लागतो आणि भरपाईही लागते.

२३.
तेव्हा सारांश असा. 'बॅकवर्ड' हा आधी दिशेचा शब्द होता, मग वेळेचा, मग स्वभावाचा. शाहू, आंबेडकर आणि संविधान यांनी तो स्वभावातून बाहेर काढून हक्काच्या भाषेत आणला. आजही तो दोन्ही अर्थांनी वापरला जातो. जातीच्या दाखल्यावरचा 'मागास' हा न्यायाचा शब्द आहे. वर्गात एखाद्या आदिवासी मुलाकडे पाहून उच्चारलेला 'मागास' हा १९१९चा शब्द आहे. दोन्ही एकसारखेच लिहिले जातात, म्हणून फरक ऐकणाऱ्याने करायचा असतो. पुढच्या वेळी एखाद्या तालुक्याला हे विशेषण लागलेले दिसले, तर त्याच ओळीत जमीन, जंगल आणि मजुरी यांचा उल्लेख आहे की नाही, तेवढे पाहावे.

२४.
आपल्या भागात आगस-मागस, हळवे-गरवे यांसारखे, वेळ सांगणारे पण लायकी न ठरवणारे शब्द असतील, तर जरूर लिहा. तसेच खावटी, लग्नगडी यांसारखे व्यवहाराचे जुने शब्द घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकले असतील, तर तेही गावच्या नावासह नोंदवा. असे शब्द सरकारी दप्तरात क्वचितच सापडतात. पुढील धाग्यात 'वेठ' या शब्दाचा मराठी कागदपत्रांतील मागोवा घेऊ. धागा संपूर्ण.